पदच्छेद

मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. गेली तेवीस वर्षं मी हे काम करते. लोक जमिनीचे, वतनाचे, देवस्थानाच्या इनामाचे कागद घेऊन येतात, पेशवे दफ्तरातून काढलेल्या नकला आणतात, आणि मी त्या बाळबोध, म्हणजे देवनागरी, करून देते. आम्हाला मोडी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अक्षर ओळखणं ही निम्मी विद्या, उरलेली निम्मी पदच्छेद. चुकीच्या जागी तोडलंत तर सगळी अक्षरं बरोबर असूनही कागद खोटा होतो.

हे वाक्य गेल्या आषाढात मला पुन्हा भेटलं, एका दवाखान्यात.

माझ्या लेकीला, मुक्ताला, तेव्हा तिसरा महिना होता. हिमोग्लोबिन ९.८ आलं. आमच्या घरात हा आकडा नवा नव्हता. मी स्वतः कॉलेजात असल्यापासून लोहाच्या गोळ्या खात आले आहे. एका डॉक्टरांनी तर सलग चार वर्षं त्या दिल्या, दर वेळी रिपोर्ट बघून ‘पालेभाजी खात नाही वाटतं’ म्हणाले, आणि मी दर वेळी अपराधी वाटून घेत घरी येऊन पालकाची जुडी निवडायला बसले. अळीव, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी, सगळं झालं. आकडा दहाच्या वर सरकला नाही.

मुक्ताच्या डॉक्टर वेगळ्या निघाल्या. त्यांनी हिमोग्लोबिनच्या आकड्याखालच्या ओळीही वाचल्या. म्हणाल्या, ‘लोह कमी असलं की रक्तातल्या लाल पेशी लहान होतात आणि बहुधा संख्येनेही घटतात. हिच्या पेशी लहान आहेत, पण संख्या भरपूर आहे.’ पुढची तपासणी झाली. हिमोग्लोबिनचा ए-२ नावाचा जो प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांच्या आत असतो, तो ५.४ होता. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातला आनुवंशिक दोष, पण आई किंवा वडील अशा एकाच बाजूने आलेला. भारतात शंभरातल्या तीन-चार जणांत हे असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

मायनर म्हणजे आजार नव्हे. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल, आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त, जन्मभर. जावई त्या वेळी कामासाठी परदेशी होते. त्यांची तपासणी तिकडे होऊन उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. वेळ कमी म्हणून डॉक्टरांनी मुक्ताचा डीएनए तपासायलाही त्याच दिवशी पाठवला. ते आठ दिवस कसे काढले ते मी लिहिणार नाही.

जावयांचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी देवापाशी साखर ठेवली. आणि दोन दिवसांनी मुक्ताचा दुसरा रिपोर्ट हातात पडला, त्यात एकच ओळ होती. बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीचं, जनुक, आयव्हीएस १, जागा ५, जी बदलून सी. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच. त्यानंतर माझी तपासणी झाली. माझ्यातही तेच अक्षर, त्याच जागी.

एक अक्षर. कागद वाचून पोट भरणाऱ्या बाईला ही ओळ कळल्याशिवाय चैन पडणं शक्य नव्हतं. माझी भाची इरा पाषाणला आयसरमध्ये जीवशास्त्र शिकते. रविवारी ती जेवायला आली की मी तिला ताटावरून उठू देत नसे.

तिने सांगितलं ते मला माझ्याच शब्दांत असं दिसतं. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात एक दफ्तर आहे. त्यात शेहेचाळीस रुमाल बांधून ठेवलेले, तेवीस आईकडून आलेले, तेवीस वडिलांकडून. (रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं बांधायचं फडकं, दफ्तरात अजून कागद रुमालावरच मोजतात.) एका बाजूच्या तेवीस रुमालांत मिळून सुमारे तीनशे कोटी अक्षरं, पण अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. बीटा ग्लोबिनचा मजकूर अकराव्या रुमालात आहे. मूळ कागद केंद्रकाबाहेर जात नाही. हवा असेल तेवढ्या भागाची नक्कल उतरवून घ्यायची आणि ती बाहेर पाठवायची. नक्कल आरएनएची असते आणि तिच्यात टीच्या जागी यू लिहितात. हे ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पेशवे दफ्तरातही मूळ कागद कुणाला घरी नेता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढे होती. ही पहिली नक्कल तशीच्या तशी वापरत नाहीत. तिच्यात मधे मधे असे लांबच लांब तुकडे असतात ज्यांचं प्रथिनात काहीच उतरत नाही. ते कापून काढायचे आणि उरलेले भाग सांधायचे. ही गोष्ट १९७७ पर्यंत कुणाला माहीत नव्हती. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी स्वतंत्रपणे ती शोधली आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळालं. बीटा ग्लोबिनचं जनुक सोळाशेच्या आसपास अक्षरांचं. त्यातून दोन तुकडे निघतात, एक १३० अक्षरांचा, दुसरा साडेआठशेच्या आसपास. शेवटी उरतात सव्वासहाशे.

कुठे कापायचं हे कसं कळतं? जवळजवळ प्रत्येक काढायचा तुकडा जीयूने सुरू होतो आणि एजीने संपतो, पण ही जोडाक्षरं तर मजकुरात जागोजाग येणारच. म्हणून त्यांच्या आसपासची आणखी काही अक्षरंही जुळावी लागतात. आरएनएचाच एक छोटा तुकडा त्या सीमेवर अक्षराला अक्षर लावून बसतो आणि मग कात्री चालते. पहिल्या तुकड्याच्या, म्हणजे रिपोर्टातल्या आयव्हीएस १ च्या, सुरुवातीपासून पाचव्या जागी जी असेल तर पकड घट्ट बसते. माझ्या दोन अकराव्या रुमालांपैकी एकात तिथे सी आहे. पकड सैल होते. कात्री कधी बरोबर जागी चालते, पण पुष्कळदा थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे, साधारण तसाच दिसणारा दुसरा जीयू बघून.

म्हणजे माझा दोष मजकुरात नाहीच. बीटा ग्लोबिन सांगणारं प्रत्येक अक्षर माझ्याकडे शुद्ध आहे. चूक आहे ती जे फेकून द्यायचं त्या तुकड्यात, आणि ती चूक पदच्छेदाची आहे. इराचं बोलणं थांबवून मी उठले आणि ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले.

आपल्याकडे अक्षराच्या चुकीचं नाव काढलं की ‘ध चा मा’ आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं म्हणून झाला, अशी कथा पुण्यात लहान मुलालाही ठाऊक असते. इतिहास म्हणून तिच्यावर किती भरवसा ठेवायचा तो प्रश्न वेगळा. रक्तात मात्र अस्सल ‘ध चा मा’ आहे. त्याच बीटा साखळीच्या सहाव्या जागी जीएजीऐवजी जीयूजी झालं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या कित्येक घरांना हा शब्द पाठ आहे. तिथे शब्द पूर्ण वाचला जातो, पण दुसराच वाचला जातो. माझ्यात वाक्यच मोडतं.

कसं मोडतं, ते इराने मला पेन्सिलीने लिहून दाखवलं. नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतात, मधे जागा न सोडता. समजा लिहिलंय ‘कमलवरणगरमकरव’. तीन-तीन तोडा, कमल वरण गरम करव. आता पहिलं एकच अक्षर गाळून वाचायला लागा, मलव रणग रमक रव. अक्षरं तीच, क्रम तोच, आणि वरण चुलीवर चढायचं नाही. कात्री चुकीच्या जागी चालली आणि तीनच्या पटीत नसलेली अक्षरं जास्त-कमी झाली की पुढचं सगळं असं होतं. असं भरकटलेलं वाचन फार लांब जात नाही, कुठेतरी थांबण्याची खूण लागते आणि अर्धवट साखळी वाया जाते.

चार अक्षरांच्या तीन-तीनच्या जोड्या चौसष्ट. त्यातल्या एकसष्ट जोड्या मिळून वीस अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, सांगतात, तीन सांगतात ‘इथे थांबा’. एयूजी या जोडीपासून वाचायला सुरुवात होते. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ असावं तसं. आणि त्या थांबण्याच्या तीन खुणा पाहिल्या तेव्हा मला आमच्या कागदांचे शेवट आठवले. कुठे ‘लेखनसीमा’, कुठे ‘मोर्तब सूद’, शिवकालीन कागदावर ‘मर्यादेयं विराजते’. त्या खुणेच्या पुढे कुणी काही घुसडलं असेल तर ते खोटं, हे कागद वाचणाऱ्याला लगेच कळतं.

ही चौसष्टची बाराखडी माणसाला कळली ती फार जुनी गोष्ट नाही. २७ मे १९६१ च्या पहाटे अमेरिकेत बेथेस्डा इथे हाइनरिख माथाई या तरुण जर्मन संशोधकाने, मार्शल निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, पेशींच्या रसात एक बनावट आरएनए घातला. त्यात फक्त यू होता, यूयूयूयू, दुसरं काही नाही. त्यातून जी साखळी तयार झाली तीत फक्त फेनिलअलानिन. पहिलं अक्षर लागलं, यूयूयू म्हणजे फेनिलअलानिन. माथाईंना नोबेल मिळालं नाही याची मला रुखरुख लागून राहिली आहे. बाकीच्या जोड्या लावण्यात मोठा वाटा हरगोविंद खुरानांचा. त्यांनी यूसीयूसीयूसी असे ठरवून घडवलेले आरएनए वाचायला दिले आणि कोणत्या साखळ्या येतात ते पाहिलं. १९६६ पर्यंत सगळी बाराखडी लागली. १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून मिळालं. खुराना मुलतानकडच्या रायपूर नावाच्या खेड्यातले, शंभरेक वस्तीचं गाव, आणि वडील पटवारी. गावात लिहिता-वाचता येणारं जवळजवळ हे एकच घर होतं. पटवाऱ्याचं दफ्तर म्हणजे काय हे मला माहीत आहे. जमीन कुणाची, सारा किती, हे सगळं अक्षराच्या भरवशावर. त्या घरातला मुलगा पुढे जाऊन जीवनाची अक्षरं लावतो, हे वाचताना मी रडले. त्याची लाज वाटायचं कारण मला दिसत नाही.

पण या सगळ्यात वाचणारा कोण? मी इराला हाच प्रश्न परत परत विचारला. रायबोसोम नावाचं यंत्र नक्कल धरून ठेवतं, तीन-तीन अक्षरांनी पुढे सरकवतं आणि साखळीत मणी ओवत जातं. आपल्या पेशींत सेकंदाला पाच-सहा मणी, म्हणजे १४६ मण्यांची बीटा साखळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास. ओवण्याचं मुख्य काम त्यातला आरएनएच करतो. रायबोसोमची रचना उलगडली म्हणून २००९ साली ज्या तिघांना नोबेल मिळालं, त्यातले वेंकी रामकृष्णन बडोद्याला वाढले आणि आधी भौतिकशास्त्र शिकले. पण रायबोसोमला अमिनो आम्लांची ओळख नाही. मणी घेऊन येतो तो दुसराच एक छोटा आरएनए. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरं, दुसऱ्या टोकाला मणी. असा दुभाषी असलाच पाहिजे, असं फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ सालीच म्हटलं होतं, तो हाती लागण्याआधी. आणि त्या दुभाष्याच्या टोकाला योग्य मणी कोण लावतो? त्यासाठी साधारण प्रत्येक अमिनो आम्लामागे एक, अशी वीस विकरं आहेत. ती एका हाताने दुभाष्याला चाचपतात, दुसऱ्या हाताने मण्याला, आणि चुकीचा मणी लागला तर पुष्कळदा तो काढूनही टाकतात. मला विचाराल तर दोन्ही लिप्या येणारी मंडळी ही.

‘मावशी,’ इरा म्हणाली, ‘ती वाचत वगैरे नाहीत गं. नुसते आकार एकमेकांत बसतात.’

असेल. पण तेवीस वर्षांनंतर मीही मोडीचं अक्षर वाचते म्हणजे काय करते? आकार दिसतो आणि आत कुठेतरी बसतो. मला हे तिच्याशी वाद घालायला सांगायचं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी जगभराचे कागद वाचत बसले, आणि माझ्या हाडांच्या पोकळीत या कामाला एका क्षणाची सुटी नव्हती. सेकंदाला वीस-पंचवीस लाख नव्या लाल पेशी. एकेका पेशीत सत्तावीस कोटींच्या घरात हिमोग्लोबिनचे रेणू. आणि सगळ्यात मला हलवून गेलेली गोष्ट अशी की लाल पेशी पक्की व्हायच्या आधी आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. दफ्तर उचलून फेकलं. आधी उतरवून ठेवलेल्या नकला तेवढ्या जवळ. त्यांच्यावर ती आणखी एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवते, मग नकलाही संपतात, आणि पुढचे एकशेवीस दिवस नवं काही न बनवता, असलेल्यावर ती अंगभर प्राणवायू वाहत राहते.

पुढचा नमुना आईचा घ्यायचा ठरलं. औषधासाठी नाही. हे अक्षर कुठून आलं, ते मला हवं होतं.

आई आता चौऱ्याऐंशीच्या घरात. १९६१ साली, माथाईंच्या त्या पहाटेनंतर दीड महिन्याने, १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नारायण पेठेत, नदीच्या अंगाचा वाडा. नेसत्या वस्त्रानिशी सगळे बाहेर पडले. पाणी उतरल्यावर चिखलातून जी एक पत्र्याची ट्रंक निघाली तीत घराण्याचे मोडी कागद होते, भिजून एकमेकांना चिकटलेले. सदाशिव पेठेत आईच्या मामाच्या गच्चीवर दोऱ्या बांधून ते कागद एकेक सुटा करून तिने वाळवले. जिना चढताना तिला घेरी यायची. मधल्या पायरीवर ती बसायची. आणि आजी खालून म्हणायची, ‘हिच्या अंगात रक्तच नाही. काम म्हटलं की बसली.’ हे वाक्य मी माझ्या लहानपणी शेकडो वेळा ऐकलं, आजी गेल्यावर आत्यांकडून ऐकलं. ते वाळवलेले कागद घरात कुणालाही वाचता येत नव्हते, म्हणूनच मी मोडी शिकले.

रक्त घ्यायला आलेला मुलगा फार गोड होता. ‘आजी, मूठ आवळा,’ म्हणाला. तिने आवळली. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.४, ए-२ ५.१. मी तिला सगळं सांगितलं. दफ्तर, नक्कल, कात्री, पाचवं अक्षर. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मी आळशी नव्हते.’

मला काही बोलता येईना.

खरं सांगायचं तर डॉक्टरांनी मला बजावलं होतं की मायनर असलेल्या बहुतेकांना कसलाही त्रास होत नाही, तेव्हा घेरीचं खापर त्या अक्षरावर फोडू नका. पहाटे हौदावरून पाणी, बारा माणसांचा स्वयंपाक, दुपारची धुणी, आणि पानात उरेल ते स्वतःला. एवढ्यावर कुणालाही घेरी येईल. उलट, हे अक्षर अंगात असलेल्यांना हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, असं अभ्यासक मानतात. आमच्या कुठल्याशा पूर्वजाला त्याने वाचवलंही असेल. मी आईला हिवतापाचं सांगितलं. हौदाचं सांगितलं नाही. ती साठ वर्षं एका वाक्याखाली दबून राहिली होती आणि आता तिच्या हातात छापील कागद होता.

मुक्ताची मुलगी पौषात झाली. सहा महिन्यांची आहे. तिच्यात ते अक्षर आहे की नाही, याची शक्यता निम्मी-निम्मी, पण वर्षाची होईपर्यंत तपासायचं नाही असं ठरलंय. पोटात असताना बाळ बीटा साखळी जवळपास वापरतच नाही, गॅमा नावाची दुसरी वापरतं. अकराव्या रुमालात शेजारीच तिचा मजकूर असतो. जन्मानंतरच्या महिन्यांत हळूहळू तो मिटतो आणि बीटाचं पान उघडतं. सध्या ते उघडायचं काम चालू आहे. ती आईच्या मांडीवर पालथी पडून स्वतःची मूठ चोखत असते आणि मी तिच्याकडे बघत बसते.

गेल्या आठवड्यात आईने ट्रंक काढायला लावली. पुरातून वाचलेले कागद मी नव्या लाल रुमालात बांधून ठेवलेत. तिने गाठ सोडली, स्वतःच्या रिपोर्टाची नीट चौघडी केली, कागदांच्या वर ठेवली, माझा आणि मुक्ताचा मागून घेऊन त्याखाली सारला आणि पुन्हा गाठ मारायला घेतली. बोटं आता थरथरतात, वेळ लागतो. मी मदत केली नाही.

‘पोरीचा आला की यातच ठेव,’ म्हणाली.